खपलीचे जनुक आणि रंगसूत्रांची दुरुस्ती : एका शोधाचा इतिहास

सातारा, सांगली व कोल्हापूर ह्या जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या उत्तर कर्नाटकात पूर्वापार पिकत आलेला खपली गहू महाराष्ट्रीय वाचकाला त्याच्या खिरीमुळे परिचित आहे. मळणीत इतर गव्हांचा दाणा टरफलातून सुटा होतो. खपलीचा होत नाही. ओंबीचे तुकडे पडतात, दाणा टरफलातच राहतो आणि तो उखळात कांडून काढावा लागतो. ह्या गव्हाचे मराठी नाव जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात जसेच्या तसे रूढ झाले आहे, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानी नसते. गव्हावरील काळ्या तांबेऱ्याच्या कवकाचे निरनिराळे प्रकार ओळखण्यासाठी मिनेसोटा येथील स्टॅकमन व लेव्हिन ह्यांनी १९२२ मध्ये बारा गव्हांचा जो संच निश्चित केला, त्यात ‘खपली’ ह्याच नावाने हा गहू समाविष्ट आहे. संचातील इतर बहुतेक गहू ज्या प्रकारांना बळी पडत, त्यांपैकी पुष्कळांपुढे खपली टिकून राही.

खपलीचा हा गुण दुसऱ्या गव्हात नेता आला तो संकरामुळे. आणि संकरातून नवे वाण निघू शकते ते अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी रंगसूत्रांत होणाऱ्या खंडविनिमयामुळे. हा विनिमय म्हणजे मुळात तुटलेल्या डी.एन.ए.ची दुरुस्ती होय, असे आज सिद्ध झाले आहे. अभ्यासक्रमांत मात्र डी.एन.ए.ची दुरुस्ती आणि रंगसूत्रांचा खंडविनिमय हे विषय बहुधा दोन निराळ्या प्रकरणांत शिकविले जातात व विद्यार्थी त्यांना दोन निराळ्या घटना समजतो. ही दोन प्रकरणे वस्तुतः एकच आहेत आणि हे ऐक्य ध्यानात घेतल्याशिवाय वनस्पतिसंवर्धनाच्या मर्यादा कळत नाहीत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. खपलीचा प्रवास

गव्हाच्या निरनिराळ्या जातींत १४, २८ व ४२ अशी रंगसूत्रे असतात, हे जपानमधील साकामुरा ह्यांनी १९१८ मध्ये स्पष्ट केले. खपली चतुर्गुणित आहे; तिच्या पेशीत २८ रंगसूत्रे असतात व ती ‘ए’ आणि ‘बी’ ह्या दोन संचांची असतात. पोळीचा सामान्य गहू षड्गुणित असून त्यात ह्या दोहोंखेरीज ‘डी’ हा तिसरा संच असतो. ह्या दोहोंचा संकर केला, तर संततीत ३५ रंगसूत्रे येतात. अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी ‘ए’ व ‘बी’ संचांतील रंगसूत्रांच्या १४ जोड्या जमतात आणि ‘डी’ संचातील ७ रंगसूत्रे जोडीदारावाचून एकटी राहतात. अशा संकरांचा पेशीशास्त्रीय अभ्यास किहारा ह्यांनी १९२० च्या सुमारास तपशिलाने केला. एकट्या राहिलेल्या रंगसूत्रांची वाटणी अनियमित होत असल्यामुळे असे संकर बव्हंशी वंध्य असतात.

ही अडचण ओलांडून सिडनी विद्यापीठातील वॉटरहाउस ह्यांनी सामान्य गहू व खपली ह्यांच्या संकरापासून फलधारणक्षम संतती मिळविली आणि त्याविषयीचा निबंध १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. स्टाइनवेडेल हा ऑस्ट्रेलियातील गहू आणि खपली ह्यांच्या संकरातून निघालेल्या वाणास ‘खॅपस्टाइन’ हे नाव मिळाले. त्याचा पूर्वार्ध आपल्या खपलीचा आहे. १९५० नंतरच्या काही वर्षांत तांबेऱ्याच्या ‘१५ बी’ ह्या प्रकाराने उत्तर अमेरिकेतील ड्युरम गव्हाची धूळधाण केली, तेव्हा तेथील संवर्धकही खपलीकडे वळले. लॅंग्डन ह्या प्रसिद्ध ड्युरम वाणाच्या वंशावळीत खपली आहे. कॅनडातील नॉट ह्यांनी १९६२ मध्ये खॅपस्टाइनमधील प्रतिकारकतेची आनुवंशिकता तपासली. तीतील एक जनुक पुढे ‘एसआर १३’ ह्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९९९ मध्ये युगांडातून निदर्शनास आलेल्या ‘यूजी ९९’ ह्या घातक प्रकारालाही ते दाद देत नाही. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील दुबकोव्हस्की ह्यांच्या गटाने ते वेगळे काढले; त्याचे स्थान ‘६ ए’ ह्या रंगसूत्राच्या लांब बाहूवर, टोकाच्या बाजूस आहे.

हे स्थान ध्यानात ठेवावे. ‘६ ए’ हे रंगसूत्र खपलीत आहे आणि पोळीच्या गव्हातही आहे. म्हणून त्या दोहोंची जोडी जमली, त्यांत खंडविनिमय झाला आणि खपलीचा एक तुकडा परक्या गव्हात जाऊन बसला. हा विनिमय घडतो कसा, हे मात्र वॉटरहाउस ह्यांच्या काळी कोणासही सांगता आले नसते.

२. दिसणारी फुली

समजात रंगसूत्रे जोडीने असताना त्यांच्यात फुलीसारखे सांधे दिसतात. बेल्जियममधील यान्सेन्स ह्यांनी १९०९ मध्ये असे प्रतिपादन केले की, ह्या ठिकाणी दोन सूत्रे तुटतात व परस्परांशी जोडली जातात. मॉर्गन ह्यांनी १९११ मध्ये फळमाशीतील आनुवंशिकतेचा अर्थ लावताना ह्याच कल्पनेचा आधार घेतला. परंतु फुली दिसणे आणि तेथे द्रव्याची खरोखर अदलाबदल झाली असे सिद्ध होणे, ह्यांत अंतर होते. ते अंतर १९३१ मध्ये एका वनस्पतीनेच मिटविले. हॅरिएट क्रेटन व बार्बरा मॅक्लिंटॉक ह्यांनी मक्याच्या नवव्या रंगसूत्राची एक अशी जात घेतली, की जिच्या दोन्ही टोकांना सूक्ष्मदर्शकातून ओळखता येतील अशा खुणा होत्या. दाण्याच्या गुणधर्मांची अदलाबदल झाली, तेथे ह्या खुणांचीही अदलाबदल झालेली त्यांना आढळली.

ह्यानंतरची तीन दशके पेशीशास्त्रज्ञांनी फुल्या मोजण्यात घालविली. परागकोश ॲसिटोकार्मिनमध्ये चिरडून काचपट्टीवर फुल्यांची सरासरी काढणे, हा आपल्याकडील वनस्पतिशास्त्र विभागांतही नित्याचा उद्योग होता. डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर ह्यांनी १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना केली. १९९२ पासून तिच्या संशोधन संस्थेला त्यांचेच नाव आहे. तेथे गव्हाच्या पेशी-आनुवंशिकीचे जे काम उभे राहिले, त्यात देशी बन्सी व खपली गव्हांच्या आंतरजातीय संकरांना महत्त्वाचे स्थान होते. अशा संकरात जोड्या किती जमल्या आणि एकटी रंगसूत्रे किती राहिली, ह्यावरच संवर्धनाचे यशापयश अवलंबून असे. फुलीची गणती होत होती. फुलीचे रसायन मात्र अज्ञात होते. सूत्र तुटते म्हणजे काय तुटते, आणि ते बिनचूक जोडतो कोण, ह्या प्रश्नाला पेशीशास्त्राजवळ उत्तर नव्हते.

३. किरणांनी झालेली इजा

उत्तर आले ते सर्वस्वी वेगळ्या दिशेने. क्ष-किरण व जंबुपार किरण ह्यांमुळे सजीवांच्या आनुवंशिक द्रव्याला इजा होते, हे ठाऊक होते. अशी इजा झालेली पेशी तो भाग छाटून टाकून नवा भरते, हे १९६४ मध्ये सेटलो व कॅरियर आणि बॉइस व हॉवर्ड-फ्लँडर्स ह्या दोन जोड्यांनी जिवाणूंत दाखविले. पेशी स्वतःच्या डी.एन.ए.ची डागडुजी करते, ही कल्पना येथून दृढ झाली. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, बर्कली येथील क्लार्क व मार्ग्युलिस ह्यांनी जिवाणूंची अशी उत्परिवर्तिते वेगळी केली, की ज्यांत जनुकांची पुनर्रचना होतच नव्हती. ती जंबुपार किरणांपुढेही अत्यंत दुबळी ठरली. पुनर्रचना करणारे प्रथिन आणि इजा भरून काढणारे प्रथिन एकच असल्याखेरीज हे घडणे शक्य नव्हते. ‘रेक-ए’ ह्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले जनुक ते हेच.

ह्याच सुमारास रॉबिन हॉलिडे हे मक्यावरील काणीच्या कवकाचा अभ्यास करीत होते. दोन डी.एन.ए.-रेणूंचे धागे परस्परांत गुंतून चौफुलीसारखी रचना कशी होत असेल, ह्याचा आराखडा त्यांनी १९६४ मध्ये मांडला. यान्सेन्स ह्यांना सूक्ष्मदर्शकातून दिसलेली फुली आता रेणूच्या पातळीवर काढून दाखविता येऊ लागली.

उच्च वनस्पतींत ह्या दोन विचारांचा मेळ प्रथम घातला तो हर्बर्ट स्टर्न व यासुओ होत्ता ह्यांनी. त्यांनी लिलीचे फूल निवडले, कारण लिलीच्या परागकोशात असंख्य पेशी एकाच वेळी अर्धसूत्री विभाजनाच्या एकाच अवस्थेत असतात आणि त्यामुळे त्यांचे रासायनिक पृथक्करण करता येते. डी.एन.ए.ची दुपटीकरणाची क्रिया संपल्यावर, रंगसूत्रांच्या जोड्या जमलेल्या असताना, पुन्हा थोडे डी.एन.ए. तयार होते, असे त्यांना दिसले. ह्या निर्मितीची लक्षणे दुरुस्तीच्या वेळी होणाऱ्या निर्मितीसारखी आहेत, असा निष्कर्ष त्यांनी १९७१ मध्ये मांडला. फुली पडण्याच्या सुमारास फुलाच्या पेशीत दुरुस्तीचे काम चालू असते, ह्याचा हा वनस्पतींतील पहिला भक्कम पुरावा होय.

४. हेतुपुरस्सर छेद

तथापि एक शंका उरली होती. दुरुस्ती व्हावयाची तर आधी मोडतोड हवी. किरणांचा मारा झालेला नसताना निरोगी फुलातील डी.एन.ए. तुटते कशाने? शॉस्टाक, ऑर-वीव्हर, रॉथस्टाइन व स्टाल ह्यांनी १९८३ मध्ये असे प्रतिपादन केले की, विनिमयाचा आरंभच डी.एन.ए.चे दोन्ही धागे तुटण्याने होतो व तुटलेली टोके समजात रंगसूत्राचा नमुना पाहून भरली जातात. हा छेद देणारे प्रथिन १९९७ मध्ये सापडले. यीस्टमधील ‘स्पो ११’ हे ते प्रथिन होय. छेद देताना ते डी.एन.ए.च्या टोकाशीच जोडले जाते, हे कीनी, जिरू व क्लेक्नर ह्यांनी दाखविले. म्हणजे पेशी स्वतःच्या रंगसूत्रांना शेकडो जखमा जाणूनबुजून करते आणि त्या भरून येताना वारशाची अदलाबदल होते. मराठीत जखम भरताना तिच्यावर धरते ती खपली आणि गव्हाचे नावही खपली. योगायोगाचे असले, तरी हे साम्य विद्यार्थ्याच्या स्मरणास साहाय्यक ठरावे.

वनस्पतींतील पुरावा अरेबिडोप्सिस ह्या मोहरीच्या कुळातील लहानशा रोपट्यातून मिळाला. तीन जनुकांची उत्परिवर्तिते शेजारी ठेवून पाहिली, की सर्व युक्तिवाद उलगडतो. ‘स्पो ११-१’ निकामी झाले, तर छेदच पडत नाहीत. रंगसूत्रांच्या जोड्या जमत नाहीत व ती सुटी राहतात. हे ग्रेलों व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखविले. ‘डीएमसी १’ निकामी झाले, तरीही रंगसूत्रे सुटीच राहतात, परंतु ती अखंड असतात; छेद पडले व भरलेही, मात्र समजात जोडीदाराऐवजी स्वतःच्याच दुसऱ्या प्रतीचा नमुना घेऊन भरले. ‘रॅड ५१’ निकामी झाले, तर रोप इतर रोपांसारखे वाढते, फुलते, पण त्याला बी धरत नाही; त्याच्या परागपेशींत रंगसूत्रांच्या ठिकऱ्या दिसतात. ‘रॅड ५१’ आणि ‘डीएमसी १’ ही दोन्ही जिवाणूतील ‘रेक-ए’ची भावंडे आहेत. जंबुपार किरणांनी होणाऱ्या इजेशी १९६५ मध्ये ज्याचा संबंध जुळला, ते प्रथिनकुल फुलाच्या परागकोशात बीजधारणेचे काम करीत असते.

५. गव्हातील पहारेकरी

आता गव्हाकडे परत येऊ. षड्गुणित गव्हात एकमेकांशी नाते असलेले तीन संच असूनही ‘ए’ संचातील रंगसूत्र ‘ए’शीच जोडी करते, ‘बी’ वा ‘डी’ संचातील सारख्या दिसणाऱ्या रंगसूत्राशी करीत नाही. ह्या शिस्तीचे नियंत्रण ‘५ बी’ रंगसूत्राच्या लांब बाहूवर आहे, हे केंब्रिज येथील राइली व चॅपमन आणि मिसूरी येथील सिअर्स व ओकामोटो ह्यांनी १९५८ मध्ये स्वतंत्रपणे दाखविले. त्याला ‘पीएच १’ हे नाव मिळाले. ह्या पहारेकऱ्यामुळे गव्हाला दाणा नीट धरतो; परंतु त्याच्याचमुळे दूरच्या रानटी आप्तांची जनुके गव्हात येऊ शकत नाहीत.

सिअर्स ह्यांनी ही अडचण १९५६ मध्येच एका धाडसी मार्गाने ओलांडली होती. एजिलॉप्स अंबेल्युलाटा ह्या रानटी गवतातील, पानांवरील तांबेऱ्याला प्रतिकार करणारे जनुक गव्हात आणण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांनी रंगसूत्रे तोडली आणि तुटलेली टोके भलत्याच ठिकाणी जुळून येण्याची वाट पाहिली. ही दुरुस्तीच होती, पण नमुना न पाहता केलेली. ट्रॉम्बे येथे भुईमुगावर क्ष-किरणांचा प्रयोग होऊन १९७३ मध्ये प्रसृत झालेले टीजी-१ हे वाणही डी.एन.ए.ची मोडतोड आणि तिच्या दुरुस्तीत राहिलेले बदल ह्यांचेच फळ होय. अर्धसूत्री विभाजनातील दुरुस्ती आणि किरणांनंतरची दुरुस्ती ह्यांतील मुख्य भेद येथे स्पष्ट होतो : पहिलीत समोर समजात प्रत असते, म्हणून तुकडा जागच्या जागी बसतो, दुसरीत बहुधा टोकाला टोक जोडले जाते.

‘पीएच १’ म्हणजे नेमके कोणते जनुक, हा प्रश्न जवळजवळ साठ वर्षे वादाचा राहिला. नॉर्विच येथील ग्रॅहम मूर ह्यांच्या गटाने २०१७ व त्यानंतरच्या वर्षांत असे दाखविले की, त्यातील मुख्य घटक ‘झिप ४’ ह्या जनुकाची ‘५ बी’वर आलेली जादा प्रत होय. ‘झिप ४’ हे जनुक, छेद पडल्यानंतर त्यांपैकी कोणत्या छेदाचे खंडविनिमयात रूपांतर व्हावे हे ठरविणाऱ्या गटातील आहे. त्याच गटातील ‘एमएसएच ४’ हे प्रथिन जिवाणूंत डी.एन.ए.च्या नकलेतील चुका सुधारणाऱ्या प्रथिनाच्या कुळातले आहे. अरेबिडोप्सिसमध्ये ते नसेल, तर एका पेशीतील फुल्यांची संख्या सुमारे दहावरून सुमारे दीडवर येते, असे बर्मिंगहॅम येथे २००४ मध्ये आढळले. पेशीशास्त्रज्ञ ज्याला पहारेकरी म्हणत आले, तो दुरुस्तीच्या कारखान्यातलाच कारागीर निघाला.

६. हिशेब

ह्या इतिहासातून संवर्धकाने काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे निसर्गाचा कंजूषपणा. अरेबिडोप्सिसच्या एका पेशीत दीडशे ते अडीचशे छेद पडतात. त्यांतून खंडविनिमय होतात सुमारे दहा. उरलेले छेद अदलाबदल न करता भरले जातात, कारण काही दुरुस्ती-जनुके खंडविनिमयाला आळाच घालतात. वर्साय येथे २०१२ मध्ये ‘एफएएनसीएम’ हे असे एक जनुक सापडले. ‘रेक-क्यू ४’ हे दुसरे जनुक निकामी केले असता भात, वाटाणा व टोमॅटो ह्यांत खंडविनिमय सुमारे तिपटीने वाढल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि ह्यावरून घाईने आशा बांधू नये. गव्हात ‘एफएएनसीएम’ एका प्रकारचे खंडविनिमय रोखते, तर दुसऱ्या प्रकारच्यांना साहाय्य करते, असे २०२२ मध्ये दिसून आले. एका पिकाचा नियम दुसऱ्यास जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट स्थानाची. गव्हाच्या सुमारे सोळा अब्ज घटकांच्या आनुवंशिक द्रव्यात बहुतेक खंडविनिमय रंगसूत्रांच्या टोकांकडे होतात. मधला विस्तीर्ण भाग जवळजवळ निष्क्रिय असतो. ‘एसआर १३’ टोकाच्या बाजूस असल्यामुळे ते खपलीतून लहान तुकड्याने सुटून येऊ शकले. खपलीतील जी उपयुक्त जनुके रंगसूत्राच्या मध्यभागी असतील, त्यांच्या वाट्याला हे भाग्य येणार नाही. ती आली, तर शेजारच्या शेकडो जनुकांना बरोबर घेऊन येतील आणि चांगल्याबरोबर नकोसेही पदरी पडेल.

ह्यातून निघणारा निष्कर्ष आपल्या प्रदेशाला विशेष लागू आहे. खपलीतील एक जनुक जगाने उचलले. म्हणून खपलीचे काम संपले, असा समज होणे साहजिक आहे, पण तो चुकीचा आहे. संकराच्या वाटेने आजवर जे बाहेर आले, ते तिच्यातील उत्तम तेवढेच होते असे नव्हे. जे छेदांच्या वाटेवर होते, ते आले. उरलेले अद्याप खपलीतच आहे. आघारकर संस्थेने एमएसीएस २९७१ हे खपलीचे बुटके वाण देऊन ह्या गव्हाला शेतात टिकण्याचा एक मार्ग दाखविला. कारण जे जनुक हलविता येत नाही, ते निदान जागेवर तरी जपावे लागते. ते हलविता येईल की नाही, हे मात्र दुरुस्ती-जनुकांच्या अभ्यासावर अवलंबून राहील. ह्यासाठी एका हाताने काचपट्टीवरील फुल्या मोजणारा आणि दुसऱ्या हाताने त्या फुल्यांमागील प्रथिने ओळखणारा संशोधक हवा. तो घडवावयाचा, तर आपल्या विभागांत ही दोन प्रकरणे एकत्र शिकविण्यास आरंभ केला पाहिजे.